वीस मेंढ्या, एक नर: कळपातलं रक्त वेळेवर कसं बदलावं

खानदेशात नव्याने मेंढीपालनात उतरणाऱ्याचा कळप बहुतेक वेळा वीस मेंढ्या आणि एक नर एवढाच असतो. राज्य शासनाच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतला गटही तेवढाच. पहिली दोन वर्षं बरी जातात. तिसऱ्या वर्षी मेंढ्या उलटायला लागतात, म्हणजे नर लावूनही गाभ न धरता परत माजावर येतात. चौथ्या वर्षी कोकरं बारकी निघतात, चीक प्यायला उठत नाहीत आणि आठवड्याच्या आत चार-दोन जातात. मग दोष चाऱ्याला, पावसाला, औषधाला आणि शेवटी नशिबाला दिला जातो. खरं कारण बरेचदा समोरच उभं असतं. तोच नर चार वर्षं कळपात आहे आणि आता तो स्वतःच्या मुलींवर चालतोय.

यावर उपाय महागडी जात आणणं हा नाही. बाप कोण ते लिहून ठेवायचं आणि नर वेळेवर बदलायचा, एवढ्यावर नुकसानीचा मोठा भाग थांबतो. ते कसं करायचं, ते खाली क्रमाने दिलं आहे.

आधी नात्याचा हिशेब

आईबाप नात्यातले असले की कोकराला एकाच पूर्वजाचं तेच जनुक दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता वाढते. ती टक्क्यांत अशी:

- बाप आणि मुलगी, आई आणि मुलगा, सख्खे बहीण-भाऊ: २५%
- एकाच बापाची पण वेगळ्या आयांची भावंडं, आजोबा आणि नात, सख्खा मामा आणि भाची: १२.५%
- सख्खी चुलत किंवा मामे भावंडं: ६.२५%

प्रत्येक जनावरात काही सदोष जनुकं दडलेली असतात. जोडीचं दुसरं जनुक चांगलं असेल तर दोष झाकला जातो. नात्यातल्या रेतनात दोन्हीकडून सदोषच येण्याची शक्यता वाढते आणि मग झाकणारं कोणी उरत नाही. याचा सर्वात जास्त फटका प्रजननाला बसतो: पाठी (न व्यालेल्या तरुण माद्या) उशिरा माजावर येतात, गाभ कमी धरतो, कोकरं कमी जगतात, नराची ओढ आणि वीर्याची प्रत घसरते. शिंगं, रंग, लोकर यांवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. म्हणून असा कळप बघायला देखणा, एकसारखा दिसतो आणि आतून कमकुवत होत जातो. “सगळी जनावरं कशी एका साच्यातली आहेत” असं कोणी कौतुक केलं, तर ती वही उघडून बघण्याची वेळ समजा.

आता कळपाचा वेग. घरचाच नर पुढे वापरत राहिलं तर दर पिढीला हे प्रमाण किती वाढतं, ते काढण्याची सोपी रीत आहे. १ ला नरांच्या आठपटीने भागा, १ ला माद्यांच्या आठपटीने भागा, आणि दोन्ही मिळवा.

- १ नर, ३० माद्या: साधारण १२.९%
- १ नर, १०० माद्या: साधारण १२.६%
- २ नर, ३० माद्या: साधारण ६.७%
- ४ नर, ३० माद्या: साधारण ३.५%

माद्या तिपटीपेक्षा जास्त केल्या तरी काही फरक पडला नाही. एक नर वाढवला तर वाढ निम्म्यावर आली. कळप मोठा केला म्हणजे नात्याचा प्रश्न सुटला, असं समजणाऱ्यांनी हे आकडे नीट पाहावेत. एक नर आणि तीस माद्यांच्या बंद कळपात तीन पिढ्यांत हे प्रमाण एक तृतीयांशावर जातं. जाती टिकवणाऱ्या जगभरच्या संस्था दर पिढीला १% च्या आत राहा असं सांगतात.

१. साहित्य आणि कागद आधी जमवा

साहित्य:

- प्लास्टिकचे कानातले बिल्ले चार रंगांत (लाल, पिवळा, हिरवा, निळा), काही साधे पांढरे, आणि ते मारायचं पक्कड
- न मिटणारं मार्कर पेन
- जाड पुठ्ठ्याची वही आणि पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी
- २५ किलोचा लटकता काटा आणि कोकरू ठेवायला झोळी
- टिंक्चर आयोडीन
- पिवडी किंवा पांढरी खडूची पूड आणि गोडेतेल
- रक्त न काढता खच्ची करायचा बर्डिझो चिमटा (विकत घेऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात तो असतो आणि काम त्यांच्याकडूनच करून घ्यावं)

कागद:

- प्रत्येक जनावराच्या शासकीय बारा अंकी बिल्ल्याचा नंबर
- लसीकरणाची नोंद (पीपीआर, आंत्रविषार, देवी, लाळ्या-खुरकूत)
- नर घेताना विकणाऱ्याची सही असलेली पावती, त्यावर नराचं वय आणि त्याच्या आईबापाची माहिती
- पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला
- जनावर योजनेतलं असेल तर विम्याचे कागद

योजनेतला नर विकण्याआधी किंवा अदलाबदल करण्याआधी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा. विमा त्याच बिल्ल्याच्या नंबरावर असतो. नर दुसऱ्याच्या वाड्यात (मेंढपाळांच्या तळात) मेला आणि कागद तुमच्याकडे राहिला, तर दावा अडकतो.

२. बापाला रंग द्या

सगळ्या लेखातली ही सर्वात कामाची पायरी आहे. कळपात येणाऱ्या प्रत्येक नराला एक रंग ठरवा. त्याच्या सगळ्या कोकरांच्या कानात त्याच रंगाचा बिल्ला मारा. नियम एकच: लाल नर लाल बिल्ल्याच्या मादीवर चालणार नाही. वही वाचता न येणाऱ्या घरच्या म्हाताऱ्यालाही हा नियम पाळता येतो, आणि चरायला जनावरं नेहमी वही लिहिणाराच नेतो असं नाही.

बिल्ल्यावर मार्करने वर्ष आणि क्रम लिहा. २०२५ चं सातवं कोकरू असेल तर २५-०७. बिल्ला कानाच्या मधल्या भागात, दोन शिरांच्या मधे मारा. अगदी कडेला मारला तर बाभळीच्या काट्यात अडकून कान फाटतो. मारायच्या जागी आधी आयोडीन लावा. भर पावसात माश्या असताना हे काम केलं की जखमेत अळ्या पडतात. तेव्हा कोकरू जन्मलं की वहीत नोंद लगेच करा, बिल्ला उघडीप बघून मारा. तोपर्यंत गळ्यात त्याच रंगाची दोरी सैल बांधा आणि कोकरू वाढेल तशी ती ढिली करत राहा.

मूळच्या खरेदी केलेल्या माद्यांना बापाचा रंग नसतो. त्यांना साधा पांढरा बिल्ला द्या. पुढे सहाव्या पायरीत या पांढऱ्या माद्या फार उपयोगी पडतात.

३. वही: नऊ रकाने पुरतात

बिल्ला नंबर, आईचा नंबर, बापाचा रंग, जन्मतारीख, नर की मादी, एकटं की जुळं, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन, शेरा. याहून जास्त रकाने आखले की वही महिनाभरात बंद पडते.

जन्माचं वजन पहिल्या बारा तासांत, चीक पाजून आणि नाळेला आयोडीन लावून झाल्यावर घ्या. आपल्याकडच्या दख्खनी जातीच्या कोकराचं जन्मवजन साधारण अडीच ते तीन किलो असतं. दोन किलोच्या खालचं एखादं कोकरू कुठेही निघतं. एकाच रंगाच्या बापाची अशी चार-पाच निघाली तर शेऱ्यात खूण करा. शेऱ्यात हेही लिहा: खालचा-वरचा जबडा जुळत नाही, पापणी आत वळलेली आहे, नराला एकच अंड उतरलंय, बेंबीला हर्निया आहे, कोकरू मेलेलं जन्मलं. असे दोष प्रत्येक वेळी आनुवंशिक असतातच असं नाही. पण एकाच बापाकडून दुसऱ्यांदा दिसले तर तो नर थांबवा.

मेलेल्या कोकराची नोंद हमखास टाळली जाते. मेलं, पुरलं, विषय संपला. वहीतला सर्वात बोलका आकडा तोच असतो, तेव्हा तो आधी लिहा.

४. नर कोकरं चौथ्या महिन्यात वेगळी करा

मोठ्या नरावर सगळ्यांचं लक्ष असतं. घोटाळा होतो तो पाच-सहा महिन्यांच्या नर कोकरांमुळे. ती अजून कोकरंच आहेत असं वाटतं आणि तोवर ती आईवर, बहिणीवर चालायला लागलेली असतात. आई-मुलगा आणि सख्खे बहीण-भाऊ, दोन्ही २५% चे सौदे, आणि वहीत बाप म्हणून मोठ्याच नराचं नाव लागतं. सगळी वही तिथे चुकते.

चौथा महिना भरला की तीनपैकी एक करा: विका, वेगळ्या कुंपणात ठेवा किंवा खच्ची करून घ्या. खच्ची करायची तर बर्डिझोने, रक्त न काढता, आणि धनुर्वाताची लस आधी टोचून. बकरी ईदच्या बाजारासाठी काहींना नर अखंड ठेवायचे असतात. त्यांनी वेगळं कुंपण हाच मार्ग धरावा. चरायला नेताना पोटाखाली जाड कापडाचा पडदा बांधून सोडण्याची पद्धत आहे. ती एक-दोन दिवसांची सोय म्हणून ठीक. पडदा सरकतो.

५. नराची मुदत: दोन पावसाळे

हिशेब तारखांनी करा. जून २०२५ मध्ये नर सोडला. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, साधारण १४७ ते १५० दिवस. म्हणजे पहिली कोकरं नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यातल्या माद्या जून २०२६ मध्ये सात महिन्यांच्या असतात, आणि चांगल्या चाऱ्यावरच्या काही पाठी आठव्या-दहाव्या महिन्यात माजावर येतात. म्हणजे हा नर २०२५ चा आणि २०२६ चा पावसाळा वापरता येतो, पण ऑगस्ट २०२६ संपताना तो कळपातून बाहेर पडला पाहिजे. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या पाठी वेगळ्या बांधता आल्या तर उत्तम.

“इतका चांगला नर, अजून दोन वर्षं काढू” हा मोह इथे होतो. नर चांगला असेल तर तो दुसऱ्याच्या कळपात तितकाच चांगला काम करेल. मेंढा सहा वर्षांपर्यंत वापरता येतो, फक्त जागा बदलायची. आणि त्याच्या जागी त्याचाच मुलगा ठेवू नका. तो मुलगा कळपातल्या सगळ्या पाठींचा भाऊ असतो.

६. दोष नात्याचा की दुसऱ्या कशाचा?

नर बदलण्यावर पैसे घालण्याआधी हे तपासा, कारण खानदेशात मेंढ्या उलटण्याची आणखी कारणं आहेत.

उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. नराचं वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यात भाजलेला नर जूनमध्ये चढतो, पण मेंढी गाभण राहत नाही. जुलै संपता संपता तोच नर ठीक होतो. अशा वेळी नराला दोष देऊन विकणं म्हणजे फुकटचा तोटा. एप्रिलपासून त्याला दुपारी सावली द्या, पाणी दिवसातून तीनदा दाखवा आणि कातरणी वेळेवर करा.

पोट. मेंढी हाडकुळी असेल तर माज दबतो. नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम ज्वारी किंवा मक्याचा भरडा आणि खनिज मिश्रण दिलं की फरक दिसतो. पाठीच्या कण्यावर हात फिरवा. मणके टोचत असतील तर आधी खायला घाला.

रोग. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत लागोपाठ मेंढ्या गाभडल्या तर तो नात्याचा प्रश्न समजू नका, ब्रुसेलाचा संशय धरा. हा रोग माणसालाही होतो. हातमोजे न घालता वार किंवा गाभडलेलं कोकरू उचलू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि रक्ताचे नमुने पशुवैद्यकामार्फत तपासणीला पाठवा.

नात्याच्या रेतनाची खूण वेगळी असते. ते एका वर्षात येत नाही, हळूहळू तीन-चार वर्षांत चढतं. आणि इथे पांढरे बिल्ले कामाला येतात. एकाच नराची, एकाच चाऱ्यावरची कोकरं घ्या. विकत आणलेल्या जुन्या माद्यांची कोकरं ठणठणीत आणि घरच्या पाठींची बारकी, मरतुकडी निघत असतील तर कारण रक्तातच आहे. फक्त तुलना करताना पहिलारू पाठींची कोकरं बाजूला ठेवा. पहिल्या वेताचं कोकरू तसंही थोडं लहान असतं. दुसऱ्या वेतापासूनचे आकडे घ्या.

७. नवा नर कुठून आणि कसा निवडायचा

आठवडे बाजारातून पैदाशीचा नर घेऊ नका. तिथे बाप कळत नाही, रोग कळत नाही, आणि चालत नाही म्हणून विकायला आणलेला नर ओळखता येत नाही. नर बघायचा तर कळपात जाऊन बघा. त्याची आई बघा, तिची कास बघा, त्याची भावंडं बघा.

किती लांबून? शेजारच्या गावातून आणलेला नर तुमच्याच जुन्या नराचा मुलगा निघू शकतो, कारण साक्री, शिंदखेडा भागातल्या ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यांमध्ये नरांची देवघेव आधीपासून चालते आणि वाटेवर कळप एकत्र येतात. ५० किलोमीटर हा ढोबळ नियम ठेवा. पण अंतरापेक्षा प्रश्न महत्त्वाचा: “हा कोणाच्या नराचा?” हे दोन पिढ्या मागेपर्यंत विचारा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला आहे. पैदाशीचे नर कधी मिळतील याची चौकशी तिथे करावी. नावनोंदणी पावसाळ्याच्या बऱ्याच आधी केलेली बरी.

नर हातात धरून हे तपासा:

- दात: दोन दाती ते चार दाती. म्हणजे वय साधारण दीड ते दोन वर्षं.
- जबडा: खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकतात का.
- अंडं: दोन्ही उतरलेली, सारखी, घट्ट आणि हलती. खालच्या टोकाला गाठ लागली तर तो नर नको. त्याच वयाच्या नरांमध्ये ज्याचा अंडकोष मोठा, तो घ्या. त्याच्या मुलीही लवकर वयात येण्याची शक्यता जास्त असते.
- खुर, पाय, डोळे: मागच्या पायांनी लंगडणारा नर चढू शकत नाही, बाकी कितीही देखणा असो.
- ओढ: माजावरची मेंढी समोर आणून बघा. काही मिनिटांत हुंगायला लागला पाहिजे.

जुळ्यातला नर मिळाला तर त्याला पसंती द्या. दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते.

८. महिनाभर वेगळा ठेवा

नवं रक्त आणताना नवा रोग घरात येतो, हे बाहेरच्या नराचं सर्वात मोठं नुकसान. ३० दिवस त्याला वेगळ्या जागी, वेगळ्या पाण्यावर ठेवा. पहिल्याच दिवशी खुरं झिंक सल्फेटच्या १०% पाण्यातून काढा (१० लिटर पाण्याला १ किलो). लेंडी तपासून जंताचं औषध पाजा, गोचीड-उवांचा बंदोबस्त करा, ब्रुसेलासाठी रक्त तपासणीला द्या, राहिलेल्या लसी टोचून घ्या. जूनमध्ये सोडायचा नर एप्रिलच्या शेवटी घरी आलेला हवा. खानदेशातल्या उन्हाची आणि चाऱ्याची सवय व्हायलाही तेवढे दिवस लागतात.

९. जोडणी आणि खुणा

अनुभवी नर असेल तर २५ ते ३० माद्या, दोन दाती नर असेल तर १५ ते २०. माज २४ ते ३६ तास टिकतो आणि गाभ धरला नाही तर १६-१७ दिवसांनी परत येतो. यावरून नराची परीक्षा घेता येते. गोडेतेलात रंग कालवून नराच्या छातीला लावा. तो चढला की मादीच्या पाठीमागे खूण उमटते. गेरू लावण्याची चाल आहे, पण काळ्या दख्खनी मेंढीवर गेरू दिसत नाही. पिवडी किंवा खडू वापरा. चुना मुळीच नको, कातडी भाजते.

दर दोन-तीन दिवसांनी रंग परत लावा आणि १७ दिवसांनी रंग बदला. दुसऱ्या रंगाची खूण थोड्या, ठरावीक माद्यांवरच दिसली तर त्या माद्या तपासा. निम्म्याहून जास्त माद्यांवर दिसली तर नर संशयित; सहाव्या पायरीतला उन्हाचा फटका नसेल तर त्याला लगेच बदला. पाच महिने थांबून कोकरं मोजण्यापेक्षा ३४ दिवसांत हे कळलेलं बरं. एकूण ५१ दिवसांनी, म्हणजे तीन माज झाले की नर बाहेर काढा. कोकरं एका वेळी जन्मतात आणि बापाबद्दल संशय राहत नाही.

१०. चौघांचं चक्र

दर दुसऱ्या वर्षी नर विकत घेणं लहान मेंढपाळाला परवडत नाही. त्यासाठी चौघांनी एकत्र यावं, शक्यतो चार वेगळ्या गावांतले, ज्यांनी मूळ जनावरं वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतली आहेत. पहिल्याच्या कळपातला निवडलेला तरुण नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा चौथ्याकडे, चौथ्याचा पहिल्याकडे. दिशा कधीच उलटी करायची नाही. माद्या आपापल्या घरी राहतात.

चौघांचे मिळून ४ नर आणि १२० माद्या धरल्या तर वरच्या रीतीने वाढ दर पिढीला साधारण ३.२% वर येते. एकट्याच्या १२.९% पेक्षा ती कितीतरी बरी, पण १% च्या वर आहे. म्हणून नरांची तिसरी बदली होईल तेव्हा चौघांनी पैसे जमवून एक पूर्ण बाहेरचा नर आणावा. १% च्या आत राहायला तेरा नर लागतात. मोठ्या वाड्यात तेवढे असतात. त्यांनी ते बाप बघून वाटून घेतले तर बाहेरून नर क्वचितच लागेल.

इथे एक घोटाळा होतो. काही जण तरुण नराऐवजी तोच मोठा नर एकाकडून दुसऱ्याकडे फिरवतात. तेही चालतं, खर्च कमी होतो. पण मग चारही कळपांत त्याच्या मुली होतात आणि त्या सगळ्या एकमेकींच्या बहिणी असतात. त्यानंतर या चौघांपैकी कोणाच्याही घरच्या नराला चक्रात जागा नाही, कारण तो आणि त्या पाठी एकाच बापाच्या निघतात. दोन पद्धती एकत्र करू नका. मोठा नर फिरवत असाल तर ब्रुसेलाची तपासणी प्रत्येक बदलीच्या आधी करा. एक आजारी नर चारही कळप खराब करतो.

बदली दसऱ्याच्या सुमारास करा. पावसाळ्याची जोडणी संपलेली असते आणि वाडे चराईला अजून पांगलेले नसतात. कागदावर चार ओळी लिहा: नराचा बिल्ला नंबर, रंग, तारीख, आणि मेला-हरवला तर कोणी काय द्यायचं. भावकीत असला तरी लिहा.

११. दुसऱ्या जातीचा नर: कुठे फायदा, कुठे फसगत

बाहेरचं रक्त म्हणजे दुसरी जात असंच नाही. दुसऱ्या भागातला, नात्यात नसलेला दख्खनी नर ही नवख्यासाठी पहिली निवड. त्याच्या पहिल्याच कोकरांत आईबापाच्या नात्याचा दोष शून्यावर येतो, कारण नर बिननात्याचा आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: आई स्वतः नात्यातून जन्मलेली असेल तर तिचं दूध आणि तिचा गाभ धरण्याचा स्वभाव नर बदलून सुधारत नाही. कोकरू जोमदार जन्मेल आणि दुधाविना अडेल. पूर्ण फरक तिच्या मुली व्यायला लागल्या की दिसतो. एका वर्षात निकाल लागला नाही म्हणून परत घरचा नर लावू नका.

सांगली जिल्ह्यातल्या जत भागाची माडग्याळ उंच, झपाट्याने वाढणारी. तिचा नर दख्खनी माद्यांवर लावला तर मटणासाठी कोकरं चांगली होतात. पण पहिलारू आणि लहान बांध्याच्या मादीवर लावू नका, कोकरू अडतं. आणि पिल्लं सगळी विका. संकरित पाठी ठेवायच्या तर त्यांना चाराही जास्त लागतो. कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्यांवर आणि काढलेल्या ज्वारीच्या रानात रोजची पायपीट करून जगण्याचं काम दख्खनीचं आहे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या नारी सुवर्णा मेंढीत बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळ्यांचं जनुक आहे. जुळी म्हणजे दुप्पट उत्पन्न असा हिशेब लगेच केला जातो. पण जुळ्यांच्या आईला शेवटच्या दीड महिन्यात आणि दूध पाजताना खुराक लागतो. नुसत्या चराईवर जुळ्यातलं एक बहुधा जातं. बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पद्धत असेल तरच तिकडे वळा.

संकराचा जोम पहिल्या पिढीत पूर्ण असतो. पहिल्या पिढीचाच संकरित नर आणि संकरित मादी एकमेकांवर लावली तर तो निम्म्यावर येतो. देखणा संकरित नर पैदाशीला ठेवणं हा म्हणूनच तोट्याचा सौदा. दोन जातींचे नर आळीपाळीने वापरले तर सुमारे दोन तृतीयांश जोम टिकतो, पण त्यासाठी दोन्ही जातींचे शुद्ध नर मिळत राहिले पाहिजेत.

१२. दरवर्षी दसऱ्याला तीन आकडे काढा

प्रत्येक रंगासाठी वेगळे: नराला लावलेल्या शंभर माद्यांमागे किती व्याल्या, जन्मलेल्या शंभर कोकरांमागे तीन महिन्यांपर्यंत किती जगली, तीन महिन्यांचं सरासरी वजन किती. वीस मेंढ्यांच्या कळपात एक-दोन कोकरांनी आकडा हलतो, म्हणून एका वर्षावर निर्णय घेऊ नका. लागोपाठ दोन वर्षं पहिले दोन आकडे खाली येत असतील तर पुढचा नर चक्रातला घेऊ नका, पूर्ण बाहेरचा आणा. आणि त्या वर्षी घरच्या पाठींपैकी ज्यांच्या आईचा आणि बापाचा रंग एकच निघेल, त्या पैदाशीला ठेवू नका, बाजारात काढा.